शेवटची जागा आप्पांची

माझ्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली एक बुलेट उभी आहे. ती माझी नाही. मी तिला धुतो, तिचं तेलपाणी बघतो, दर रविवारी तिच्यावर बसून दहा-वीस किलोमीटर जाऊन येतो. पण कुणी 'तुमची बुलेट' म्हटलं की मी तिथल्या तिथे दुरुस्ती करतो. ही पुंडलिक आप्पांची. माझी येझदी त्यांच्याकडे गेली आणि त्यांची बुलेट माझ्याकडे आली. विक्री नाही, बक्षीस नाही, अदलाबदल. आणि ती अदलाबदल अजून संपलेली नाही. यावर लोक माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं बघतात. बघू देत.

सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार असेल. मी चाळीसगावहून सिल्वासाला धाग्याच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून आलो तो येझदीवर, मागे ट्रंक आणि वळकटी बांधून, नाशिक-जव्हार करत. तिथंच आमलीत खोली मिळाली. कामही बरं होतं. पण रविवार उजाडला की मी कासावीस व्हायचो. गावाकडे माझे चार मित्र होते, चार गाड्या होत्या. कधी पाटणादेवी, कधी कन्नडचा घाट, असं आमचं चाले. इथं मी एकटा. सिल्वासात तेव्हा जो तो कुठून तरी आलेला. रविवारी माणसं कपडे धुवायची, गावी पत्रं लिहायची आणि झोप काढायची. 'गाडीवर नुसतं फिरायला येता का?' असं कुणाला विचारलं, की 'वापीला काही काम आहे का?' असा उलटा प्रश्न यायचा. काम नसताना रस्त्यावर जाणारा माणूस बिनकामाचाच असणार, हे तिथं सगळ्यांनी गृहीत धरलेलं.

एका रविवारी सकाळी मी खानवेलच्या रस्त्याला लागलो. रखोलीचा पूल ओलांडला आणि पुढं एक गमतीदार वरात दिसली. सगळ्यात पुढे एक लूना, तिच्यामागे एक स्कूटर आणि स्कूटरच्या मागे बुलेट. तिघंही लूनाच्या चालीनं चाललेले. बुलेटवर पांढरी टोपी घातलेला, खांद्यानं रुंद असा पन्नाशीचा माणूस. बुलेट असून लूनाच्या मागे रांगणाऱ्या माणसाची मला कीव आली. मी हॉर्न वाजवला, तिघांनाही झोकात मागे टाकलं आणि वळणावर गाडी जरा जास्तच वाकवून दाखवली.

चार किलोमीटरवर माझी क्लचची केबल तुटली. महिनाभर तिला तेल दाखवलं नव्हतं, दुसऱ्या कुणाला दोष द्यायला जागा नव्हती. मी रस्त्याच्या कडेला घाम पुसत बसलो. थोड्या वेळानं लूना आली. थांबली. स्कूटर आली. थांबली. शेवटी बुलेट आली आणि टोपीवाला उतरून माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"काय रे भो, झालं उडून?"

मी तुटलेली केबल दाखवली. त्यांनी डिकीतून तारेचं भेंडोळं काढलं, पाच मिनिटांत केबल जोडली, हात पुसले आणि माझं गाव विचारलं. चाळीसगाव म्हटल्यावर म्हणाले, "म्हणजे आपलाच निघाला. मी यावलकडचा. गलोंड्याले प्लास्टिकच्या कारखान्यात फिटर हाये. चाल, लाग लायनीत."

मी नवखा म्हणून सगळ्यांच्या मागे उभा राहायला गेलो, तर म्हणाले, "तिथी नाही. माझ्या पुढी. शेवटची जागा माझी."

पुंडलिक आप्पांचं आणि माझं असं सुरू झालं.

लूनावाला रमण धोडी तिथलाच, सरकारी रोपवाटिकेत माळी. त्या मुलुखातली एकूणएक वाट त्याला पाठ. पुढं खड्डा दिसला की तो हात वर करून ओरडायचा, "आप्पा, खाडो छे!" आणि खड्ड्याच्या पुढं गेल्यावर प्रत्येकाकडे वळून बघायचा. स्कूटरवाले सामंत वेंगुर्ल्याचे, सचिवालयात हेडक्लार्क, राहायला डोकमर्डीला. रविवारीसुद्धा इस्त्रीचा शर्ट. यांना आप्पांनी कुठून कुठून गोळा केलं होतं. पद्धत तीच: रस्त्यात कुणाची गाडी बंद पडलेली दिसली की थांबायचं, दुरुस्त करून द्यायची आणि मग त्या माणसाला म्हणायचं, "रविवारी सात वाजता, नाक्यावर." निम्मे येत नसत. जे येत ते राहत.

फेरीचा कायदा आप्पांचा. सगळ्यात हळू गाडी सगळ्यात पुढं आणि तिला कुणी ओलांडायचं नाही. मी कारण विचारलं तेव्हा ते मडगार्ड पुसत होते. न बघताच म्हणाले, "जोरवाला पुढी गेला तर त्याले मागं कोण पडलं ते दिसत नाही. कमजोर पुढी राहिला तर तो सगळ्यांले दिसते. तुले कारखान्यात शिकवलं नाही काय?" कारखान्यात मला नेमकं उलटं शिकवलेलं होतं.

दुसरा कायदा टोपीचा. महिन्यातल्या पहिल्या रविवारी आप्पा डोक्यावरची टोपी काढून उलटी धरायचे, सगळ्यांनी आपापली किल्ली तीत टाकायची आणि डोळे मिटून एकेक उचलायची. जी येईल ती गाडी त्या दिवसापुरती आपली. फेरी पुरी झाली की किल्ली परत. "दुसऱ्याची गाडी चालवल्याबिगर त्याचं दुखणं कळत नाही," असं आप्पा म्हणायचे. सामंतांच्या वाट्याला लूना आली त्या दिवशी सचिवालयातला एक साहेब समोरून आला, तर सामंतांनी तोंडावर रुमाल बांधला. आप्पा मागून ओरडले, "सामंत, चोरी केली काय?" रुमाल उतरला.

माझ्या हाती पहिल्यांदा बुलेटची किल्ली आली तेव्हा मी हरखून गेलो. येझदीला गिअर डाव्या पायाला आणि ब्रेक उजव्या. तेव्हाच्या बुलेटला उलटं, गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे. हे मला माहीत होतं. डोक्याला माहीत होतं, पायाला नव्हतं. खानवेलच्या अलीकडच्या वळणावर समोर बैल आला, मी उजवा पाय गच्च दाबला, ब्रेक लागण्याऐवजी गिअर पडला आणि बुलेटनं मला घेऊन रस्ता सोडला. भाताच्या खाचरात आम्ही दोघं शेजारी शेजारी आडवे. बैल बांधावरून बघत होता.

आप्पा धावत आले. गाडीकडे पाहिलंही नाही. माझे हातपाय चाचपले आणि मग विचारलं, "कोणता पाय दाबला?"

"उजवा."

"मीबी तुझ्या येझदीवर डावा दाबला होता. कुंपणात गेलो होतो, तुले सांगितलं नाही." मग चिखलानं माखलेल्या बुलेटकडे हात करून म्हणाले, "तिले शिवी देऊ नको. तू सांगितलं तेच तिनं केलं."

आप्पांच्या कारखान्यातले मोठे साहेब एकदा आमच्यात आले होते. नवी कोरी गाडी घेतलेली, कातडी हातमोजे. नेमका टोपीचा रविवार. आप्पांनी टोपी पुढं केली. साहेब हसले. "मी लूनावर बसू? आणि माझी गाडी कोण चालवणार, हा माळी?"

रमण खाली बघायला लागला. आप्पांनी टोपी शांतपणे मागे घेतली. "साहेब, तुम्ही पुढी व्हा. रस्ता सरकारचा हाये, फेरी आमची हाये."

साहेब धुरळा उडवत गेले. पुढच्याच आठवड्यात आप्पांना शनिवारची रात्रपाळी लागली, ती कायमची. ती का लागली हे सगळ्यांना कळलं. आम्ही म्हटलं, फेरी दुसऱ्या वारी करू. आप्पा ऐकेनात. "त्यानं माझा रविवार हालवला तर मी हालू काय?" सकाळी पाळी सुटली की तसेच तेलकट कपड्यांत, डोळे तांबारलेले, सात वाजता नाक्यावर हजर. असं वर्षभर चाललं. मला त्या साहेबाचा इतका राग यायचा की मी झोपेत त्याच्याशी भांडायचो. आप्पांनी मात्र त्याचं नावही कधी काढलं नाही.

मग ती मोटर पडली. कारखान्यात एक जुनी मोटर साखळीनं उचलत होते. साखळी झिजलीय, असं आप्पांनी दोनदा लिहून दिलेलं होतं. ती तुटली आणि मोटर त्यांच्या उजव्या पावलावर आली. दवाखान्यात अर्धं पाऊल काढावं लागलं. टाच वाचली, पण घोटा कायमचा आखडला.

ज्याला बुलेट ठाऊक आहे त्याला पुढचं सांगायला नको. गिअर उजवीकडे, किकही उजवीकडे. पावलाचा पुढचा भागच नाही तर गिअर कशानं टाकणार? आप्पा घरी आले आणि खाटेवर पडून राहिले. खिडकीतून बुलेट दिसायची. पहिल्या आठवड्यात त्यांनी खाट फिरवून घेतली, भिंतीकडे तोंड करून. आम्ही रविवारी जायचो, बसायचो. फेरी बंद पडली. लूनाच्या मागे जायला कुणाला उत्साहच राहिला नाही, कारण मागून बघणारं कुणी नव्हतं.

एक दिवस मी तिथं असतानाच साहेब आले, फळं घेऊन. म्हणाले, "आप्पा, आता आराम करा. गावी जा. आणि ही गाडी कशाला गंजत ठेवता? माझा भाचा विचारतोय, देऊन टाका."

आप्पा भिंतीकडे बघत राहिले. मला वाटलं, हे आता हो म्हणतील. खरंच वाटलं. तेवढ्यात आतून सुमनवहिनी आल्या. आप्पांची बायको, आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता. त्यांनी फळांची पिशवी उचलून साहेबांच्या हातात परत दिली.

"साहेब, साखळीचा कागद तुमच्या टेबलावर पडला होता ना? तो वाचला असता तर हे आंबे आणायची पाळी आली नसती. गाडी इथीच राहीन. माणूसबी इथीच राहीन."

साहेब गेल्यावर वहिनी आप्पांना म्हणाल्या, "खाट फिरवा आता. मले भिंत पाहून पाहून कंटाळा आला." आणि त्यांनी आणि मी मिळून ती फिरवली.

पुढच्या महिन्याचा पहिला रविवार. मी, सामंत आणि रमण सकाळी सात वाजता आप्पांच्या दारात. माझ्या मनात होतं, येझदी त्यांना देऊन टाकावी. किक डावीकडे, गिअर डावीकडे, इतकंच काय, येझदीची किकची दांडी तीच गिअरची दांडी. सगळं काम डाव्या पायाचं. मी तोंड उघडलं मात्र, "आप्पा, माझी गाडी तुम्हीच ठेवा…"

"दान मागायले बसलो काय मी?" इतक्या जोरात ओरडले की रमण दचकला. "चालता हो!"

सामंतांनी मात्र डोकं चालवलं. खुंटीवरची टोपी काढली, उलटी धरली, स्वतःची किल्ली तीत टाकली. रमणनं टाकली. मी टाकली. आज पहिला रविवार आहे, एवढंच सामंत म्हणाले. वहिनींनी बुलेटची किल्ली आणून टाकली. आप्पा टोपीकडे कितीतरी वेळ बघत होते. मग डोळे मिटले, हात घातला. आत बोटं फिरताना दिसत होती. एक किल्ली चाचपली, सोडली, दुसरी चाचपली, सोडली, आणि तिसरी बाहेर काढली. येझदीची.

त्याच क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तीस वर्षं नटबोल्ट हाताळलेल्या फिटरच्या बोटांना किल्ली कळत नाही होय? इतकी वर्षं सगळ्यांत आधी हात घालायचे ते आप्पाच, आणि उरलेल्या आमच्यापुढं धरताना टोपी हवी तशी हलवायचे. म्हणजे ज्याची मान जरा ताठ त्याच्याच हाती नेमकी लूना कशी यायची! "आप्पा, तुम्ही लबाड आहात," मी म्हटलं. त्या दिवशी दोन महिन्यांनी आप्पा हसले. उरलेल्यांत बुलेटची किल्ली माझ्या हाती आली, लूना रमणकडेच आणि स्कूटर सामंतांकडेच राहिली.

अंगणात त्यांनी उजवी टाच जमिनीत रोवली आणि डाव्या पायानं दांडी हाणली. तिसऱ्या किकला गाडी बोलली. घाम डोळ्यांत उतरला होता. पुसायला मी पुढं झालो तर एक असा कटाक्ष टाकला की मी मागे सरलो. नाक्यावर येऊन ते नेहमीसारखे सगळ्यांच्या मागे उभे राहिले. ब्रेक हातानं मारायचा, त्यामुळं वेग लूनापेक्षाही कमी. कुणाचं बोलायचं धाडस होईना. शेवटी सामंतच म्हणाले, अगदी कचेरीतल्या आवाजात, "आप्पा, कायदा तुमचा आहे. सगळ्यात हळू गाडी पुढे."

आप्पांचा चेहरा लाल झाला. इतकी वर्षं आमच्या पाठी राखलेला माणूस. त्याला पुढं उभं करणं म्हणजे तू आता कमजोर आहेस हे तोंडावर सांगणं. मला सामंतांचा संताप आला, आणि ते बरोबर होते याचाही. आप्पांनी एकदा बुलेटवर बसलेल्या माझ्याकडे पाहिलं, एकदा रमणकडे. रमणनं लूना बाजूला घेऊन जागा केली. आप्पा पुढं गेले. शेवटची जागा माझ्याकडे आली.

आम्ही खानवेलच्या पुढं, धरणाकाठच्या दुधनीला जायचं ठरवून निघालो होतो, पण खानवेलला आप्पांचं पाऊल सुजलं आणि तिथून परतलो. नाक्यावर मी किल्लीसाठी हात पुढं केला. आप्पांनी किल्ली खिशात टाकली. "फेरी पुरी झाल्यावर वापस. दुधनी आली काय?"

"नाही."

"मग?"

पुढच्या रविवारी बघतो तर माझ्या येझदीच्या ब्रेकवर टाच बसेल अशी लोखंडी वाटी वेल्डिंग करून बसवलेली. मला विचारलंही नव्हतं! मी ओरडलो, तर म्हणाले, "बुलेटले तू काही बी कर, मी बोललो काय?"

मग फेरी पुन्हा सुरू झाली. आप्पा कारखान्यानं देऊ केलेल्या गेटवरच्या खुर्चीवर बसले नाहीत. भांडून पुन्हा फिटरच्या बाकावर गेले. आणि दर रविवारी पुढं. खानवेलपर्यंत, कधी त्याच्याही पुढं, पण दुधनी काही येईना. काही ना काही निघायचंच.

नव्वदीच्या मध्यावर मला नाशिकला नोकरी मिळाली. सामान ट्रकनं गेलं. शेवटच्या रविवारी आप्पांनीच जाहीर केलं, "आज दुधनी. आज किल्ल्या वापस." मी म्हटलं, राहू दे, आप्पा. ते म्हणाले, "कायदा म्हणजे कायदा. तुझी गाडी घेऊन तू जाय. बुलेट सामंत घरी आणतीन, मी त्यांच्या मागं बसीन." मागं बसीन! हा माणूस कुणाच्या मागच्या सीटवर बसलेला मी पाहिला नव्हता. पण दान ते घेणार नव्हते, हे मला पक्कं ठाऊक होतं. खानवेल गेलं तसं माझं मन जड व्हायला लागलं. दुधनी येऊच नये असं वाटत होतं.

चढावर मागून हॉर्न सुरू झाला. पांढरी मोटार. आप्पा पंचवीसच्या चालीनं पुढं, त्यांच्यामागे रमण, मग सामंत, मग मी. रस्ता अरुंद, एका बाजूला उतार. हॉर्न थांबेना. कुणी हललं नाही. सामंतांनी तर, ते सचिवालयातले सामंत, स्कूटर चांगली रस्त्याच्या मधे घेतली. रुंद जागा आली तेव्हाच आप्पांनी हात दाखवून वाट दिली. मोटार येझदीच्या शेजारी येऊन हळू झाली, काच खाली आली. तेच साहेब.

"आप्पा? अजून चालवता? थांबवा हो आता हे!"

मोटार निघून गेली. आप्पा तसेच गाडी चालवत राहिले. पुढच्या चढावर टेकडीच्या खांद्यावरून धरणाचं पाणी दिसायला लागलं. दुधनी दोन किलोमीटरवर. आणि तिथं आप्पांनी गाडी थांबवली, टाच टेकवली, जागच्या जागी वळवली आणि एकेकाला ओलांडत माझ्याजवळ आले.

"साहेब म्हणते, थांबवा."

मी बुलेटचं इंजिन बंद केलं.

"मी थांबवतो होय? पुरी झाली काय फेरी?"

"नाही, आप्पा. दुधनी राहिलीय."

"राहू दे. ती कुठी पळून चालली? किल्ली खिशात ठेव." मग बुलेटच्या टाकीवर एक थाप मारली. "उजवा पाय गिअर, डावा ब्रेक. खाचरात जाऊ नको."

खानवेलच्या फाट्यावर मी नाशिककडे जाणाऱ्या उधव्याच्या रस्त्याला लागणार होतो आणि ते तिघं सिल्वासाच्या. मी फाट्यावर बुलेट उभी केली आणि मान वळवली. अपघाताआधी आप्पा माझ्या आरशात असायचे. त्यांची पाठ मला त्यानंतरच्या वर्षांतच पाहायला मिळाली होती. रुंद खांदे, पांढरी टोपी, टाचेखाली ती लोखंडी वाटी. मागे लूना, मागे स्कूटर. स्कूटरच्या मागे एका गाडीपुरती जागा त्यांनी मोकळी ठेवलेली होती. वळणावर आप्पांनी हात वर केला, खड्डा दाखवायला रमण करायचा तसा, आणि मागे न बघता ते पुढं गेले.